आईने चुलीवर… : लिहिणारं यंत्र वर्गात समजावताना

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराकडेला असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. संगणकाचं माझं शिक्षण एमएससीआयटीपुरतं. तरीही गेल्या हिवाळ्यात सातवी-आठवीच्या मुलांसोबत मी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर काही तास घेतले, कारण हा विषय माझ्या आधीच वर्गात येऊन बसला होता. मुलं वडिलांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधल्या त्या गोल चिन्हाला प्रश्न विचारत होती. निबंध लिहून घेत होती. एकाने तर सोयाबीन कधी विकावं हेही त्यालाच विचारलं होतं आणि उत्तर आजोबांना वाचून दाखवलं होतं.

पुढे आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला यावर बोलायला सांगितलं. तेव्हा एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारलं, “मॅडम, हे आतून कसं चालतं ते आपल्यालाच माहीत नाही. मग लेकरांना काय सांगावं?” प्रश्न रास्त होता आणि तो त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांचाच होता. हा लेख म्हणजे गुरुजींना तेव्हा दिलेलं उत्तर, जरा सविस्तर.

आपण डॉक्टर नसताना हिवताप शिकवतो. डास, साठलेलं पाणी, थंडी वाजून येणारा ताप एवढं आपल्याला पक्कं माहीत असतं आणि तेवढंच आपण ठामपणे सांगतो. इथेही तसंच करता येतं. यंत्राच्या पोटातलं गणित आपल्याला येत नाही, पण ते यंत्र कोणतं काम करतं आणि कोणतं करत नाही, हे नीट कळून घेता येतं. ते कळलं की वर्गात उभं राहायला भीती वाटत नाही. मी त्यासाठी संगणक वापरला नाही. शाळेत त्या दिवशी वीजही नव्हती.

पत्र्याचा डबा आणि एकतीस चिठ्ठ्या

फळ्यावर लिहिलं, ‘अति तिथे’. सगळा वर्ग ओरडला, “माती!” ‘नाचता येईना’ म्हटल्यावर ‘अंगण वाकडं’ आलं. मी विचारलं, “मी तर पुढचं काही सांगितलं नाही, तुम्हाला कसं कळलं?” एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तेच येतंय की त्याच्या पुढं. दुसरं काय येणार?” लिहिणाऱ्या यंत्राचा पाया त्याच्या या उत्तरात आहे. आधीचे शब्द बघायचे आणि पुढे काय येण्याची शक्यता जास्त, ते ठरवायचं.

मग मी लिहिलं, ‘आईने चुलीवर’, आणि प्रत्येकाला पुढचा एकच शब्द चिठ्ठीवर लिहायला सांगितला. एकतीस मुलं होती. सतरा चिठ्ठ्यांवर ‘भाकरी’, सहांवर ‘चहा’, चारांवर ‘दूध’, दोनांवर ‘पाणी’, एकीवर ‘खिचडी’. एक चिठ्ठी कोरी होती, तिच्याकडे मी नंतर येते. चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या, हलवल्या आणि एका मुलाला न बघता एक उचलायला लावली. भाकरी निघाली. परत टाकून पुन्हा उचलली, तर चहा. पुन्हा, तर भाकरी. भाकरीच्या चिठ्ठ्या जास्त म्हणून ती जास्त वेळा निघते, पण दर वेळी तीच निघते असं नाही. एकच प्रश्न दोनदा विचारला तर यंत्र दोन वेगळी उत्तरं का देतं, हे मुलांना इथेच कळलं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

नंतर निघालेला शब्द घेऊन पुढच्या शब्दाच्या चिठ्ठ्या केल्या. ‘आईने चुलीवर भाकरी’ याच्यापुढे ‘भाजली’, ‘टाकली’, ‘केली’ आणि ‘थापली’. उचलली तर ‘थापली’ निघाली. आता फळ्यावर वाक्य होतं: ‘आईने चुलीवर भाकरी थापली.’

दोन क्षण कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, भाकरी परातीत थापतात, चुलीवर कशी थापणार?”

त्या वाक्याला माझ्या सगळ्या तासांत मी सर्वांत जास्त वेळ दिला. व्याकरण बिनचूक होतं. ‘आई’ आणि ‘चूल’ शेजारी शोभतात, ‘चूल’ आणि ‘भाकरी’ शोभतात, ‘भाकरी’ आणि ‘थापणं’ हे तर घरोघरचंच जोडपं. प्रत्येक शब्द आपल्या शेजाऱ्याशी नीट बसला होता आणि तरी पूर्ण वाक्य चुकीचं होतं. मी विचारलं, “यात खोटं कोण बोललं?” मुलांनी बराच विचार केला. चिठ्ठी लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं आणि उचलणाऱ्याने तर बघितलंही नव्हतं. डब्याला परात माहीत नाही आणि चूलही माहीत नाही. त्याच्याकडे फक्त चिठ्ठ्या आहेत.

यंत्र बेधडक चुकीची माहिती देतं तेव्हा लोक ‘ते खोटं बोलतं’ असं म्हणतात. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. यंत्र खरं सांगताना जे करतं, तेच चुकीचं सांगतानाही करतं: शोभेल असा पुढचा शब्द निवडतं. म्हणून दोन्ही वेळी त्याचा सूर सारखाच ठाम असतो. बोलताना आपण अडखळतो, ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’ असं म्हणतो, त्यावरून ऐकणाऱ्याला अंदाज येतो. इथे तो आधार मिळत नाही.

शब्दामागून शब्द अंदाजण्याची ही कल्पना जुनी आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली शब्दांच्या शक्यतांवरून इंग्रजी वाक्यं जुळवून दाखवली होती. १९५१ साली त्याने माणसांना मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायला लावून भाषेत अंदाज किती चालतो याचं मोजमाप केलं. आमचा डबा त्याच घराण्यातला.

डब्यापेक्षा यंत्र कुठे पुढे आहे

मुलांना डबा दाखवून थांबलो तर अर्धंच शिकवलं असं होईल. आमचा डबा एक-दोन शब्द मागे बघतो. आजचं यंत्र आधीचा सगळा मजकूर एकदम बघतं. मी ‘पान’ हा शब्द घेतला. ‘तिने पान उलटलं’, ‘आजोबांनी पान लावलं’, ‘पिंपळाचं पान गळलं’, ‘पाहुण्यांसाठी पान वाढलं’. चार वाक्यांत चार वेगळी पानं. आपल्याला कोणतं ते कळतं, कारण आपण शेजारचे शब्द बघतो. कोणत्या शब्दाचा अर्थ लावताना बाकीच्या कोणत्या शब्दांकडे किती लक्ष द्यायचं, हे यंत्राला शिकता यावं अशी एक रचना २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांनी मांडली. तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्या शोधनिबंधाच्या आठ लेखकांत आशिष वासवानी आणि निकी परमार ही दोन नावं आहेत. ती फळ्यावर लिहिली तेव्हा मुलं सरसावून बसली. चॅटजीपीटी या नावातला शेवटचा ‘टी’ म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी.

दुसरा फरक शिकण्याचा. डब्यात आपण चिठ्ठ्या टाकल्या. यंत्रात कुणी चिठ्ठ्या टाकत नाही आणि पुस्तकंही जशीच्या तशी भरून ठेवत नाही. त्याला प्रचंड मजकूर दाखवला जातो, पुढचा तुकडा झाकून ठेवतात आणि ‘ओळख’ म्हणतात. चुकलं की आतले आकडे किंचित हलवतात. पुन्हा ओळखायला लावतात, पुन्हा हलवतात. तबला लावताना वादक गट्ट्यांवर हातोडीचे हलके घाव घालतो, कान देतो, पुन्हा एक घाव घालतो, तसंच हे. फरक एवढाच की तबल्याला मोजके गट्टे असतात, तर २०२० सालच्या जीपीटी-३ या यंत्रात असे १७,५०० कोटी आकडे होते. एवढ्या आकड्यांत कोणत्या आकड्याने कोणतं उत्तर घडवलं, हे बनवणाऱ्यांनाही पूर्णपणे सांगता येत नाही. आपण तज्ज्ञ नाही म्हणून संकोचणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानात ठेवावं. ‘आत नेमकं काय होतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही’ हे वर्गात सांगणं म्हणजे अज्ञानाची कबुली नव्हे, विषयाची खरी स्थितीच तशी आहे.

त्यावर आणखी एक संस्कार होतो. माणसं यंत्राची उत्तरं वाचतात, कोणतं बरं ते सांगतात, आणि त्यानुसार यंत्र पुन्हा लावलं जातं. त्यामुळे ते सभ्य बोलतं, शिव्या देत नाही, मदतीची भाषा करतं. पण त्यातून एक खोडही लागते, समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याची. वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग आहे: बरोबर उत्तर मिळाल्यावरही ‘नाही, हे चूक आहे’ असं ठासून सांगायचं. पुष्कळदा ते माफी मागतं आणि बरोबर उत्तर बदलून टाकतं. मुलांना हे बघून धक्का बसतो आणि तो बसायलाच हवा.

एका मुलाने विचारलं, “मॅडम, हे राहतं कुठं?” फोनमध्ये राहत नाही. दूर कुठेतरी हजारो संगणकांची शेड असते, तिथे प्रश्न जातो आणि उत्तर परत येतं. त्या संगणकांना वीज लागते आणि तापू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी पाणी लागतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, हे आमच्या मुलांनी घरी ऐकलेलं आहे. पाण्याचं नाव निघताच त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो तास तिथेच संपला.

आपल्याकडचं आणि यंत्राकडचं

माझं माहेर औशाकडचं. लातूर-धाराशिव भागात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मोठी. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप (खोपी) करतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, मिश्र भाज्यांची भज्जी आणि आंबिलीचं जेवण होतं. मी एका यंत्राला वेळ अमावस्येबद्दल विचारलं. त्याने सुंदर मराठीत दोन परिच्छेद लिहिले. त्यात बैलांना सजवून मिरवणूक काढतात असं होतं, पुरणपोळी होती, दारात तोरण होतं. म्हणजे पोळ्याचं थोडं, पाडव्याचं थोडं. भज्जी नव्हती आणि कोपही नव्हती. सोलापूरपलीकडचा माणूस ते वाचून मान डोलावेल.

असं का झालं? डब्यात सतरा भाकऱ्या असल्या की भाकरीच जास्त वेळा निघते. सणांवरच्या मराठी मजकुरात पोळा, पाडवा, पुरणपोळी यांच्या चिठ्ठ्या भरपूर आहेत आणि येळवशीच्या मोजक्या. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख. पण इंटरनेटवर वाचायला मिळणारा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने अगदी थोडा, आणि त्यात मराठवाड्यातल्या गावांनी स्वतःबद्दल लिहिलेला त्याहून थोडा. शिवाय देवनागरीचं एकेक चिन्ह संगणकात साठवायला साधारणपणे तीन बाइट लागतात आणि इंग्रजी अक्षराला एक. यंत्र मजकूर वाचताना त्याचे तुकडे करतं. ‘शेतकऱ्यांच्या’ यासारखा शब्द कित्येक यंत्रांत पुष्कळ बारीक तुकड्यांत मोडतो, त्यामुळे तोच आशय मराठीत सांगायला त्याला जास्त कष्ट पडतात.

इतिहासात ही चूक जास्त लागते. मी आठवीच्या मुलांसमोर ‘आपल्या भागात स्वातंत्र्य कसं साजरं झालं’ यावर यंत्राकडून उतारा घेतला. उतारा आला: १५ ऑगस्ट १९४७ रोजी कचेरीवर तिरंगा फडकला, ढोल वाजले, मिठाई वाटली. भारतातल्या बहुतेक ठिकाणी तसंच घडलं, म्हणून बहुतेक मजकुरात तसंच आहे. पण त्या दिवशी आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. इथल्या कचेरीवर तिरंगा लागायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, तेरा महिने जास्त. उतारा वाचून झाल्यावर मी काही बोलले नाही. एका मुलाने हात वर केला: “मग आपण सतरा सप्टेंबरला झेंडावंदन कशाचं करतो?”

हा प्रश्न मुलाला सुचला, कारण सतरा सप्टेंबर त्याच्या अंगावरून गेलेला आहे. यंत्राची चूक पकडायला यंत्राचं ज्ञान लागलं नाही, गावाचं लागलं. म्हणून शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: या विषयाचा पहिला तास आपल्याला पक्कं माहीत असलेल्या गोष्टीवर घ्या. आपली जत्रा, आपली नदी, आपला सण. जिथे मुलं यंत्राला दुरुस्त करू शकतात तिथून सुरुवात झाली, तर जिथे करू शकत नाहीत तिथेही ती सावध राहतात.

मराठीच्या तासाला आणखी एक सोपी परीक्षा आहे. यंत्राला अभंग लिहायला सांगा. मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. मुलांनी बोटांवर अक्षरं मोजायची. भक्तिभाव दिसतो, विठ्ठल दिसतो, चंद्रभागाही येते, पण आम्ही केलेल्या पाचही वेळा मोजणी चुकली होती. मुलांना अभंगाचं माप त्या दिवशी जे पाठ झालं, ते मी दोन वर्षं फळ्यावर लिहूनही झालं नव्हतं.

काही यंत्रं आता इंटरनेटवर शोध घेऊन, दुवे जोडून उत्तर देतात. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत. दुवा उघडून बघायची सवय तरीही लावावी लागते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राने दिलेले खटल्यांचे दाखले तसेच न्यायालयात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. शिकलेली, अनुभवी माणसंही ठाम सुराला फसतात, हे सांगायला हा प्रसंग उपयोगी पडतो.

‘तो म्हणाला’ की ‘त्याने लिहिलं’

आपण या यंत्राबद्दल कोणत्या शब्दांत बोलतो, याला मी फार महत्त्व देते. मराठीत तर आपल्याला लिंग ठरवावंच लागतं, क्रियापद त्याशिवाय हलत नाही. मुलं सहज म्हणतात, “तो म्हणाला”, “त्याला वाटतं”, “तो चिडला”. बोलीत एवढं चालतंच, आपण ‘गाडी रुसली’ असंही म्हणतो. पण गाडी खरंच रुसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. इथे ते माहीत असेलच असं नाही. म्हणून वर्गात मी ठरवून नपुंसकलिंग वापरते: ‘यंत्राने लिहिलं’, ‘ते यंत्र असं उत्तर देतं’. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दही मी कमी वापरते, कारण ‘बुद्धिमत्ता’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. ‘लिहिणारं यंत्र’ हा आमच्या वर्गातला शब्द. चित्रं काढणारं, आवाज करणारं यंत्रही असतं, त्यांना आम्ही तसंच म्हणतो.

हा काटेकोरपणा मी का करते, तर माणूस फार लवकर भुलतो. जोसेफ वायझेनबाम या प्राध्यापकाने १९६६ साली एलायझा नावाचा साधा प्रोग्राम जगापुढे ठेवला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस एवढंच तो करायचा. वायझेनबाम यांच्या सचिव बाईंना हे माहीत होतं. तरी त्या त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. त्यांना खासगी बोलायचं होतं.

आता त्या कोऱ्या चिठ्ठीकडे येते. ती सातवीतल्या एका मुलीची होती. मी विचारलं तर ती म्हणाली, “आमच्या चुलीवर आजी करती. आई कारखान्यावर गेलीय.” दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उन्हाळा लागता परत येतात. कुणाची लेकरं सोबत जातात, कुणाची हंगामी वसतिगृहात राहतात, कुणाची आजीजवळ. तीस चिठ्ठ्यांनी मिळून जे वाक्य तयार केलं, त्यात तिचं घर बसत नव्हतं. तिने चूक लिहिण्यापेक्षा कोरी चिठ्ठी दिली.

काही दिवसांनी तिने मला सांगितलं की ती रात्री आजोबांच्या फोनवर यंत्राशी बोलते. “ते विचारतं, जेवलीस का.” मला उत्तर सुचायला वेळ लागला. तिच्यापासून ते हिसकावून घेणं हा उपाय नव्हता. मी तिला एवढं सांगितलं की ते वाक्य यंत्र लाखो जणांना लिहितं आणि तू जेवलीस की नाही हे कळायला त्याच्याकडे डोळे नाहीत. तुझ्या आजीकडे आहेत. मग आम्ही दोघींनी मिळून आईला फोन करायची वेळ ठरवली, टोळी फडावरून परतल्यानंतरची. आपल्या वर्गात असं मूल असेल हे धरूनच प्रत्येक शिक्षकाने या विषयाला हात घालावा.

निबंध, नोंदी आणि नावं

शिक्षक मला सर्वांत जास्त विचारतात ते हे: मुलाने निबंध यंत्राकडून लिहून आणला हे कसं ओळखायचं? ते ओळखणारी साधनं इंटरनेटवर आहेत, पण त्यांच्या भरवशावर मुलावर आरोप करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, ते पुरेसं अचूक नाही म्हणून, मागे घेतलं. मी एकदा तशाच एका साधनाच्या आकड्यावर विसंबून एका मुलाला वर्गात उभं केलं होतं. त्याने घरून कच्ची वही आणली. तीन पानं खाडाखोड, समासात आजोबांनी सांगितलेले शब्द. ज्या वर्गासमोर त्याला उभं केलं, त्याच वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. तेव्हापासून मी कच्ची वही आधी बघते आणि पक्की नंतर. निबंध वाचला की मुलाला दोन मिनिटं बोलावते: हे वाक्य का लिहिलंस, हे तुला कुठे कळलं? ज्याने लिहिलंय तो बोलत सुटतो.

आपण शिक्षकही ही यंत्रं वापरतो. विशेषतः मुलांच्या प्रगतीबद्दलच्या वर्णनात्मक नोंदींसाठी. चाळीस मुलांच्या नोंदी लिहायच्या म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे, त्यामुळे वापरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र दोन गोष्टी पाळा. मुलांची नावं, आधार क्रमांक, गुण, आजार, फोटो यांतलं काहीही त्यात टाकू नका. आपल्या देशाच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मुलांनी स्वतः वापरण्याबद्दल युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिच्यात किमान वय तेरा सुचवलं आहे. म्हणून माझ्या वर्गात यंत्र फक्त मी चालवते, माझ्या फोनवर, सगळ्यांना दिसेल असं. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदीतलं निरीक्षण आपलंच असू द्या. ‘वाचनाची आवड आहे’ हे यंत्र कुणाबद्दलही लिहील. ‘वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो, पण सोडून पुढे जात नाही’ हे फक्त तुम्ही बघितलेलं असतं.

मला एक काळजी मात्र वाटते. यंत्राने लिहिलेली मराठी परत इंटरनेटवर चढते आणि पुढचं यंत्र तीच वाचून शिकतं. यंत्रांना यंत्रांचाच मजकूर खाऊ घालत गेलं तर विरळ गोष्टी आधी गळतात आणि पुढे सगळंच बिघडत जातं, असं दाखवणारा शोधनिबंध २०२४ साली ‘नेचर’मध्ये आला. मुळात येळवशीच्या चिठ्ठ्या थोड्या, त्यात पोळ्याच्या तोरणाची येळवस हजार ठिकाणी छापली गेली, तर आमची येळवस शोधायची कुठे?

आपल्याकडे हे दुखणं नवीन नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली. नकलांवरून नकला होत गेल्या, कुणी चुकून शब्द बदलला, कुणी स्वतःची ओवी घुसडली. जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी बसून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, असं त्यांनी बजावून ठेवलं. हे मी आठवीला सांगितलं तेव्हा नरोटी म्हणजे काय ते आधी समजवावं लागलं. एका मुलाने दुसऱ्या दिवशी घरून नारळाची करवंटी आणून टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे. यंत्राचा उतारा वाचताना ज्याला चूक सापडेल तो ती हातात घेतो आणि सांगतो.

शेवटच्या तासाला डबा पुन्हा काढला. या वेळी सांगितलं, अंदाज नको, काल संध्याकाळी आपल्या घरी काय झालं ते पूर्ण वाक्यात लिहा. कुणाकडे गॅस होता. एकीच्या घरी चूल पेटलीच नव्हती, सगळे लग्नाला गेले होते. एकाच्या वडिलांनी पिठलं केलं होतं, आईला ताप होता म्हणून. एकतीस चिठ्ठ्यांत एकही वाक्य दुसऱ्यासारखं नव्हतं. आम्ही ती सगळी वहीत उतरवून घेतली. सातवीतल्या त्या मुलीची चिठ्ठी या वेळी कोरी नव्हती. तिने लिहिलं होतं, ‘आजीने चुलीवर दूध ठेवलं आणि आईचा फोन आला म्हणून ते उतू गेलं.’